चार माणसं का मिळाली नाहीत?

म्युनिकला १९७२ साली अमेरिकेची चार गुणिले चारशे मीटरची रिले टीम धावलीच नाही. हरली नाही, कुणी पडलं नाही, बॅटन सुटलं नाही. ट्रॅकवर उतरलीच नाही. अमेरिकेला चार माणसं मिळाली नाहीत. चारच वर्षं आधी मेक्सिकोत याच देशानं हीच शर्यत २ मिनिटं ५६.१६ सेकंदात मारली होती. पुढं वीस वर्षं त्या आकड्याच्या आसपास कुणी फिरकलं नाही. अशा देशाला चार माणसं मिळू नयेत? सोनं केनियाच्या पोरांनी नेलं, २ मिनिटं ५९.८३ सेकंदात. चांगलं झालं. त्यांनी ते धावून नेलं.

पण अमेरिकेची चार माणसं गेली कुठं, हे आपल्या पोरांना माहीत पाहिजे. पँथर हे नाव आपण ज्यांच्याकडनं घेतलं, त्यांच्याच काळातली ही गोष्ट. मे १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच साली 'गोलपिठा' छापून आलं, आणि त्याच सालच्या सप्टेंबरात म्युनिकला हे झालं. आपल्याकडं स्मिथ आणि कार्लोसचा काळे हातमोजे घालून मुठी वर केलेला फोटो भिंतीवर लागतो. लागायलाच पाहिजे. पण विन्स मॅथ्यूज आणि वेन कॉलेट ही नावं कुणाच्या तोंडात नसतात. कारण त्यांनी मूठ वर केली नाही. पोस्टर होईल असं काही त्यांनी केलंच नाही.

काय केलं? ७ सप्टेंबरला चारशे मीटरची फायनल झाली. मॅथ्यूज पहिला, ४४.६६. कॉलेट दुसरा, ४४.८०. मॅथ्यूज हा मेक्सिकोतल्या त्या विक्रमी टीमचा पहिला गडी. पदकं गळ्यात पडली. कॉलेट अनवाणी होता. मॅथ्यूजनं त्याला आपल्या पायरीवर वर ओढून घेतला, दोघं एकाच पायरीवर. राष्ट्रगीत सुरू झालं आणि हे दोघं आपले उभे. ताठ नाहीत. एकाचा हात कमरेवर, एक हनुवटी खाजवतोय, आपापसात बोलतायत. नाक्यावर बसची वाट बघत माणसं उभी राहतात तसे. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. उतरताना मॅथ्यूजनं पदक बोटावर गरागरा फिरवलं. संपलं. घोषणा नाही, भाषण नाही.

दुसऱ्या दिवशी ऑलिंपिक कमिटीचं पत्र आलं. दोघांना जन्मभराची बंदी. तिसरा गडी जॉन स्मिथ त्याच फायनलमधे मांडीचा स्नायू धरून बसला होता. मेक्सिकोत चारशेचा जागतिक विक्रम करणारा ली इव्हान्स रिलेसाठीच आलेला, तो तयारीत बसून राहिला. चार होत नाहीत, टीम रद्द.

आता दोन दिवस मागं जा. ५ आणि ६ सप्टेंबरला त्याच गावात इस्रायलचे अकरा खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले. शोकसभेत कमिटीचा अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज म्हणाला, खेळ चालू राहिले पाहिजेत. अकरा मुडदे पडले तरी खेळ थांबत नाही, आणि दोन काळी पोरं सैल उभी राहिली तर ऑलिंपिकची अब्रू जाते. हाच ब्रंडेज १९३६ ला अमेरिकन कमिटीचा प्रमुख होता. हिटलरच्या बर्लिनवर बहिष्कार घाला म्हणणाऱ्यांना तुडवून तो टीम घेऊन गेला. तिथं पदकाच्या पायरीवर जर्मन पोरं नाझी सलाम ठोकत होती, त्यात याला काही खटकलं नाही. तिथंच चार गुणिले शंभरच्या रिलेतून ग्लिकमन आणि स्टोलर ही दोन ज्यू पोरं आयत्या वेळी बाहेर काढली आणि जेसी ओवेन्स, मेटकाफला घुसवलं. ओवेन्स बोलला होता, माझी पदकं झालीत, यांना धावू द्या. कोचनं त्याला गप्प केलं. टीमनं ३९.८ सेकंदात विक्रम मारला. दोन ज्यू पोरं स्टँडमधे बसून बघत राहिली.

म्हंजे राष्ट्रीय टीम निवडताना घड्याळ एकटं बोलत नाही. कुणाचे पाय घ्यायचे, ते कधी घ्यायचे, आणि पाय वापरून झाल्यावर त्या अंगानं कसं उभं राहायचं, याचा निर्णय घड्याळाच्या वर बसलेली माणसं करतात.

गंमत अशी की त्याच आठवड्यात अमेरिकेचे दुसरे एक खेळाडूही ठरवल्यासारखे वागले नाहीत. बास्केटबॉलची टीम. ९ सप्टेंबरच्या रात्री उशिरा रशियाशी फायनल. ऑलिंपिकमधे अमेरिका तोवर ६३ सामने खेळली होती आणि एकही हरली नव्हती. तीन सेकंद उरले असताना डग कॉलिन्सनं दोन फ्री थ्रो टाकले, अमेरिका ५०-४९ नं पुढं. मग घड्याळाचा घोळ झाला. शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळवले. मग पुन्हा खेळवले. तिसऱ्या वेळी अलेक्झांडर बेलोवनं रिंगमधे टाकला, रशिया ५१-५०. अपील झालं, पाच जणांच्या ज्युरीत ३-२ नं फेटाळलं. अमेरिकन टीम चांदीचं पदक घ्यायला गेलीच नाही. आजतागायत त्या टीमनं ती पदकं घेतलेली नाहीत.

माझं म्हणणं बघा. त्या बारा जणांवर अन्याय झाला असेल, रेफरी आणि टेबलावरच्या लोकांनी चुकांवर चुका केल्या हे खरंच. त्या टीममधेही काळी पोरं होती. पण पदक घ्यायला न येणं हा केवढा मोठा अपमान! तरी त्यांना बंदी नाही. उलट त्यांच्या देशात ते स्वाभिमानी ठरले. आणि जे पदक घ्यायला आले, ज्यांनी गळ्यात घालून घेतलं, फक्त ताठ उभे राहिले नाहीत, ते जन्मभर बहिष्कृत. राष्ट्रासाठी रुसलात तर चालतं. राष्ट्रावर रुसलात की खल्लास.

(बहिष्कार हा शब्द जपून वापरला पाहिजे. १९८० ला मॉस्कोवर अमेरिकेनं आणि अनेक देशांनी बहिष्कार घातला, तो स्वतःच्या खुशीनं. गावानं आपल्यावर घातलेला तो वेगळा. पीठ, पाणी, वाट बंद.)

यावरनं आपल्यातले काही दोस्त म्हणतात, नॅशनल टीम बिम सगळी अफू आहे, आपण काय म्हणून टाळ्या वाजवायच्या? मला हे पटत नाही. लोक धावतात ते सुंदर असतं, साला. त्याला अफू म्हणणं हे वातानुकूल खोलीतलं बोलणं आहे. माझं म्हणणं वेगळं. टीमची ताकद किती, पुढल्या वेळी जिंकेल का, असल्या चर्चेत आपण उतरावं, आणि उतरताना वगळलेल्यांची यादी हातात ठेवावी.

आजची अमेरिका घ्या. शंभर मीटर पळणारे एकाहून एक. आणि पुरुषांची चार गुणिले शंभर? ऑलिंपिकचं शेवटचं सोनं २००० चं. २००८ ला बीजिंगला बॅटन खाली पडलं. २०१२ ला रुपं मिळालं ते डोपिंगपायी परत गेलं. २०१६ ला रिओत बॅटन ठरल्या जागेआधीच दिलं म्हणून बाद. टोकियोला हीटमधेच सहावे. २०२४ ला पॅरिसला कोलमन आणि बेडनारेकचं जमलं नाही, पुन्हा बाद, सोनं कॅनडाला. तीच अमेरिका वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे २०१९, २०२३ आणि २०२५ ला जिंकते. म्हंजे पाय आहेत, हात पण आहेत. ऑलिंपिकच्या रात्री टीम नसते.

रिओत जपानच्या चार पोरांनी रुपं मारलं ३७.६० सेकंदात. त्या चौघांतला एकही तोवर शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत धावलेला नव्हता. त्यांनी खालच्या हातानं बॅटन द्यायची पद्धत वर्षानुवर्षं घोटली होती. तीस मीटरचा पट्टा असतो आता, त्यात पुढच्यानं मागं न बघता पळत सुटायचं आणि आवाजावर हात मागं करायचा. गोदीत टोळीनं गोण्या उतरवताना हेच असतं. पाठ वाकवून उभा असलेला मागं बघत नाही. वरून 'घे' आलं की वजन पाठीवर येणार, आणि देणाऱ्यानं अर्धा क्षण लवकर सोडलं तर मणका जाणार. नवीन पैलवान गडी आणून टोळीत घुसवला तर पहिले आठ दिवस काम वाढत नाही, उलट घटतं. प्रत्येकाचा वेगळा बूटवाला, वेगळा कोच, वेगळा मॅनेजर असलेल्या चार राजांना आयत्या वेळी एका पट्ट्यात उभं केलं की बॅटन पडणारच.

बास्केटबॉलचं तेच. २००४ ला अथेन्सला एनबीएचे तारे नेले आणि पहिल्याच सामन्यात प्यूर्तो रिकोनं ९२-७३ नं झोडलं, सेमीफायनलला अर्जेंटिनानं हरवलं. २०१९ च्या वर्ल्ड कपला सातवे, २०२३ ला चौथे. पॅरिसला मोठी नावं आली तेव्हा सोनं मिळालं, फ्रान्सला ९८-८७ नं हरवून. बायकांची टीम फ्रान्सलाच ६७-६६, एका गुणानं. आता जग अंगावर आलंय, नुसत्या नावावर भागत नाही. चारशेच्या रिलेत पॅरिसला अमेरिकेनं बोट्सवानाला एक दशांश सेकंदानं मागं ठेवलं आणि २०२५ ला टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे बोट्सवानानं ती शर्यतच मारली. मला तर फार बरं वाटलं.

आता आपल्याकडं वळू. बास्केटबॉल १८९१ ला अमेरिकेत वायएमसीएच्या शिक्षकानं काढलेला खेळ. मुंबईत नागपाड्याला त्याचं वेड लागलं. अमेरिकन मराठी मिशननं तिथं १९२७ ला नेबरहूड हाऊस काढलं. कामाठीपुऱ्याला खेटून असलेली वस्ती, कष्टकऱ्यांची, बहुतेक मुसलमानांची. त्या वस्तीतनं अब्बास मुंतसिर निघाला, भारताचा कॅप्टन झाला, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. एका मोहल्ल्यात एक उघडं कोर्ट असलं की काय होतं त्याचा हा पुरावा. आणि देश म्हणून? बास्केटबॉलमधे भारत ऑलिंपिकला एकदाच गेला, त्याच मॉस्कोला, दुसऱ्यांनी बहिष्कार घातला तेव्हा. एकही सामना न जिंकता परतला. २०१४ ला वूहानमधे चीनला ६५-५८ नं हरवलं तेव्हा चार दिवस बातम्या आल्या. मग पुन्हा सामसूम. उंची नाही म्हणतात. अरे, एवढ्या कोटींच्या देशात उंची नाही की कोर्ट नाही?

रिलेत मात्र पोरांनी दाखवलं. २०२३ च्या ऑगस्टमधे बुडापेस्टला अनस, अमोज जेकब, अजमल आणि राजेश रमेश यांनी चार गुणिले चारशे २ मिनिटं ५९.०५ सेकंदात मारली. हीटमधे अमेरिकेच्या मागोमाग दुसरे, आशियाचा विक्रम. फायनलला पाचवे. मग हांगझोऊला आशियाई सोनं. पॅरिसला फायनल गाठता आली नाही, दुखलं, पण त्यांच्या नावानं खडे फोडणाऱ्यांनी आधी शाळेतल्या पोरांना चारशे मीटरचा ट्रॅक दाखवावा. ह्या चौघांची नावं वाचा. टीव्हीवर ज्यांच्या नावानं रोज देशभक्तीची परीक्षा चालते, तीच माणसं बॅटन घेऊन पळतायत.

आणि आपल्यातलं कुणी त्या जर्सीत गेलं तर? पालवणकर बाळू बामणांना जिंकून देत होता तेव्हा पुण्यात त्याचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. ते जुनं झालं म्हणता? ४ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत हॉकीची सेमीफायनल आपल्या पोरी अर्जेंटिनाशी हरल्या. त्या संध्याकाळी हरिद्वारजवळ रोशनाबादला वंदना कटारियाच्या घरापुढं काही सवर्णांनी फटाके वाजवले, नाचले. टीममधे दलित जास्त झाल्यात म्हणून हरलो, म्हणाले. चारच दिवस आधी तिनं दक्षिण आफ्रिकेवर तीन गोल मारले होते, ऑलिंपिकमधे हॅटट्रिक मारणारी पहिली भारतीय बाई. अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवावा लागला. ती तरी खेळत राहिली. २०२५ ला थांबली तेव्हा ३२० सामने झाले होते, तोवर भारताकडून एवढे सामने दुसरी कुठलीच हॉकीवाली बाई खेळलेली नव्हती.

मॅथ्यूज आणि कॉलेटवरची बंदी डिसेंबर २०२२ ला उठली. पन्नास वर्षांनी. कॉलेट २०१० लाच मेला होता. मॅथ्यूज पंचाहत्तरीचा. २०२८ ला ऑलिंपिक लॉस एंजेलिसला आहे, त्याच्याच देशात, आणि त्याला आता गेटमधनं आत जाता येईल म्हणे.

आपल्याला तोवर एक काम आहे. तुमच्या वॉर्डात पालिकेचं मैदान आहे का, त्याला कुलूप किती वाजता लागतं, चावी कुणाकडं असते, लग्नाच्या मांडवाला ते किती दिवस भाड्यानं जातं, आणि वस्तीतल्या पोरांना, पोरींना तिथं पळायला कोण मज्जाव करतं, हे नावगावासकट लिहून पाठवा. पोस्टकार्ड चालेल. पुढच्या अंकात छापू.