दारात उभे दोन तरुण



मागील महिन्यात एका रविवारी पवित्र मिस्सा आटोपून मी वेदीवस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या सदलगा भागातील एक बाई दाराशी येऊन थबकल्या. त्यांची कन्या सहा महिन्यांपूर्वी परिचारिका म्हणून इंग्लंडला गेली. आदल्या रात्री तिचा फोन आला होता आणि बाईंना रात्रभर झोप नव्हती.

"फादर, पोरीच्या दारात दोन गोरी पोरं आल्ती," बाई म्हणाल्या. "पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. येशूबद्दल बोलायचंय म्हणाली. भाईर पाऊस पडालता. ही म्हणाली आत या, च्या घ्या. तर आत बी येईनात आन च्या बी घेईनात. कोण म्हणायची ही माणसं?"

"मावशी, ते मॉर्मन पंथाचे प्रचारक असावेत," मी म्हणालो. बाईंच्या मुद्रेवरून त्यांना काही उलगडा झाला असे दिसले नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांची स्थिती तीच असेल, म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

या पंथाची स्थापना अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यात ६ एप्रिल १८३० रोजी जोसेफ स्मिथ या तरुणाने केली. पंथाचे मुख्य ठाणे आज युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. त्या पंथात अशी रीत आहे की, मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याने दोन वर्षे घरदार, शिक्षण व नोकरी बाजूस ठेवून धर्मप्रचारासाठी जावे. मुलीही जातात, त्यांची मुदत दीड वर्षाची. कोठे जावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे नसते; वरून पत्र येते व त्यात देशाचे नाव असते. वेतन नाही. खर्च स्वतःच्या बचतीतून किंवा आईबापांच्या कमाईतून करावयाचा. असे सत्तर हजारांहून अधिक प्रचारक आज जगभर हिंडत आहेत. यांतील तरुणांना 'एल्डर', म्हणजे 'वडील', अशी पदवी आहे; मिसरूड नुकती फुटलेल्या पोराला वडील म्हणावयाचे, याचे मला प्रथम हसू आले होते.

त्यांचा आठवडा कसा जातो, हे ऐकण्यासारखे आहे. साधारणपणे सकाळी साडेसहास उठावयाचे. व्यायाम, प्रार्थना, न्याहारी, नंतर धर्मग्रंथाचे वाचन, आधी एकट्याने व मग जोडीदारासह. परक्या भाषेचा मुलूख असेल तर त्या भाषेचा अभ्यास. मग बाहेर पडावयाचे ते दारोदार, रस्तोरस्ती, कोणी ऐकेल तेथे. बहुतेक दारे उघडत नाहीत. उघडली तर पुष्कळदा आपटली जातात. रात्री साडेदहास दिवा मालवावयाचा. जोडीदाराला सोडून एकट्याने कोठेही जावयाचे नाही, आणि हा जोडीदार स्वतः निवडलेला नसतो. काही आठवड्यांनी तो बदलतो किंवा आपलीच बदली होते. आपल्या प्रभूनेही शिष्यांना दोघादोघांनी पाठविले होते, हे मार्काच्या शुभवर्तमानात आपण वाचतोच. परस्त्री घरात एकटी असेल तर आत पाऊल टाकावयाचे नाही, असाही नियम आहे. ती मुले पावसात का उभी राहिली, याचा उलगडा येथे होतो.

चहाचे कारण निराळे. चहा, कॉफी, मद्य व तंबाखू ही चारही त्यांना वर्ज्य आहेत. निपाणीच्या तंबाखूवर ज्या मुलखात कैक चुली पेटल्या, तेथे त्यांचे कसे निभावले असते, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही. शिवाय दारी आलेल्याने चहास नको म्हणणे म्हणजे आपल्याकडे मनात अढी असल्याची खूणच!

आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, त्यांना उसंत मिळते. त्या दिवशी कपडे धुवावयाचे, बाजार करावयाचा, केस कापून घ्यावयाचे आणि घरी पत्र लिहावयाचे. दूरध्वनीवर बोलण्याची मुभा फार वर्षे वर्षातून दोनदाच होती, नाताळास आणि मातृदिनास. आता २०१९ सालापासून दर आठवड्यास घरी बोलता येते. रविवारी त्यांची उपासना असते व तीत भाकर आणि पाणी वाटतात. महिन्यातून एका रविवारी दोन वेळचे जेवण सोडून त्याचे पैसे गरिबांसाठी द्यावयाचे.

हे लोक आपल्या मुलखास अगदीच अपरिचित नाहीत. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा एक स्कॉटिश प्रचारक १८५२ साली मुंबईस उतरला व पुढे पुण्यास गेला. लष्करी अधिकाऱ्यांचा व छावणीतील धर्मोपदेशकांचा विरोध झाला, पदरी मूठभर माणसे पडली, आणि १८५५ साली तो परतला. १८५३ साली अमेरिकेहून तेरा जण कलकत्त्यास आले होते. त्यांनाही फारसे यश आले नाही. असो.

आता मुख्य गोष्ट. येशूचे नाव घेतात म्हणून त्यांचा व आपला विश्वास एकच, असे कोणी समजू नये. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे शब्द तेही उच्चारतात. परंतु आपण ज्याला एकच परमेश्वर म्हणून पवित्र त्रैक्य मानतो, तेथे ते तीन निरनिराळी अस्तित्वे मानतात. बायबलच्या जोडीला 'मॉर्मनचा ग्रंथ' हाही त्यांना ईश्वरी वाटतो. म्हणूनच रोमने ५ जून २००१ रोजी असा निर्णय दिला की, त्यांचा स्नानसंस्कार ख्रिस्तसभेस ग्राह्य नाही. आपला स्नानसंस्कार मात्र एकदाच व कायमचा असतो. तो पुन्हा घेण्याचा प्रश्नच नाही. हे मी बाईंना स्पष्ट सांगितले व मुलीला कळविण्यास सांगितले.

परंतु त्या मुलांना दारातून हाकलून दे, असे मी सांगितले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा काढला. श्रद्धेच्या बाबतीत कोणावर बळजबरी करू नये आणि प्रचार करणाऱ्यानेही आमिष वा दडपण वापरू नये, असा त्याचा आशय आहे. ती मुले पावसात भिजत सभ्यपणे बोलली. त्यांना सभ्य उत्तर मिळाले पाहिजे.

आणि खरे सांगावयाचे तर, घर सोडून निघालेल्या तरुणाची गोष्ट सदलग्यास कोणी नव्याने सांगावी असे नाही. आचार्य विद्यासागर महाराज याच गावचे. जन्म १९४६ सालचा. १९६८ साली अजमेर येथे त्यांनी मुनिदीक्षा घेतली, तेव्हा त्यांना बाविसावे वर्ष चालू होते. पुढे सारे आयुष्य अनवाणी चालून २०२४ सालच्या फेब्रुवारीत डोंगरगड येथे त्यांनी देह ठेवला. त्यांचा धर्म आपला नव्हे. पण ज्या घरातून असा मुलगा निघून जातो, त्या घरात काय होते, हे आपल्या जैन शेजाऱ्यांना ठाऊक आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले सेमिनरीत किंवा मठात गेली, त्यांनाही ते ठाऊक आहे.

येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांची मला येथे आठवण होते. १५७९ सालच्या एप्रिलमध्ये त्यांनी लिस्बन सोडले व ऑक्टोबरच्या २४ तारखेस ते गोव्यास पोहोचले. तीन आठवडेही पुरते झाले नव्हते तोच, १० नोव्हेंबरला, त्यांनी लंडनमधील आपल्या वडिलांना लांबलचक पत्र लिहून सागरप्रवासाची सारी हकीकत कळविली. ते दोन वर्षांसाठी आले नव्हते. चाळीस वर्षे येथेच राहिले, आपली भाषा शिकले, १६१६ साली 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले आणि १६१९ साली या भूमीतच निवर्तले. वडिलांचे तोंड त्यांना पुन्हा दिसले नाही.

हे सर्व बाईंना सांगताना मी, कबूल करतो, थोडा रंगलो होतो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ते सगळं खरं, फादर. पण पोरगी काय म्हणाली सांगू? सहा महिन्यांत माझं दार वाजवणारी हीच पैली माणसं, म्हणाली."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुलगी निघाली तेव्हा मी तिला स्नानसंस्काराचा दाखला दिला होता, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला होता, जपमाळही दिली होती. परंतु ती ज्या शहरी जात होती तेथील धर्मगुरूंना दोन ओळी लिहिण्याचे मला सुचले नाही. रात्रपाळी करून ती रविवारी दुपारपर्यंत झोपते. जवळचे चर्च कोठे आहे, हेही तिला कोणी सांगितले नव्हते. परक्या देशातील अठरा वर्षांच्या पोराने जे केले, ते चार शब्द लिहून मला येथे बसून करता आले असते. मी सहा महिने ते केले नाही.

त्याच दुपारी मी पत्र लिहिले. आठ दिवसांत तेथील धर्मगुरूंचे उत्तर आले. त्यांच्या धर्मग्रामातील केरळची एक परिचारिका आता शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेस जाताना हिला सोबत घेऊन जाते. आपल्या गावांतून ज्यांची मुले मुंबई, पुणे, बंगळूर, आखात, कोठेही गेली असतील, त्यांनी त्यांचा पत्ता या रविवारपासून माझ्याकडे आणून द्यावा. मी एक वही घातली आहे. पहिल्या पानावर चौदा नावे झाली आहेत.

बाई परवा पुन्हा भेटल्या. त्या दोन मुलांपैकी एकाची बदली झाली, दुसरा नवा जोडीदार घेऊन आला होता, असे कळले. मुलीने त्यांना आपला विश्वास सांगितला व दारातच गरम लिंबूपाणी दिले. ते त्यांनी घेतले. त्या पोराने तिला सांगितले की, सोमवारी आईशी बोलताना मी इकडची थंडी कधी सांगत नाही, ती काळजी करते.

"त्याची आई किती लांब आसंल हो, फादर?" बाईंनी विचारले.