विश्लेषण : मलावीत ‘५० टक्के अधिक एक मत’ या नियमाने काय साधले? नियमाचे विरोधकच पुन्हा अध्यक्ष कसे झाले?

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील मलावीत सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि ८५ वर्षांचे पीटर मुथारिका सुमारे ५७ टक्के मते घेऊन सत्तेवर परतले. मावळते अध्यक्ष लाझारस चकवेरा ३३ टक्क्यांवर अडकले. विजयासाठी निम्म्याहून अधिक मते हवीत, या अटीनुसार ही निवडणूक झाली. गंमत अशी की, २०२० मध्ये अध्यक्षपदी असताना मुथारिका यांनीच निवडणूक सुधारणांच्या विधेयकांना संमती नाकारली होती.

आधी पद्धत काय होती?

मलावीत १९९४ पासून बहुपक्षीय निवडणुका होतात. सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, ही आपल्या लोकसभा मतदारसंघासारखीच पद्धत तिथे अध्यक्षपदासाठी होती. एका मतदारसंघापुरती ती चालून जाते. अख्खा देशच एक मतदारसंघ असेल तर तिचे दोष उघडे पडतात. मलावीत उत्तर, मध्य आणि दक्षिण असे प्रदेश आहेत आणि मतदानही बरेचसे प्रदेशनिहाय होते. दक्षिणेत लोकसंख्या जास्त. आपला बालेकिल्ला सांभाळायचा आणि विरोधकांची मते फुटण्याची वाट पाहायची, एवढे पुरत असे. २०१४ मध्ये मुथारिका जेमतेम ३६.४ टक्के मतांवर अध्यक्ष झाले. बहुसंख्य मतदारांनी अध्यक्ष निवडावा, असे राज्यघटनेत लिहिलेले होतेच. पण ‘बहुसंख्य’ म्हणजे ‘सर्वाधिक’ असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने पूर्वी लावला होता. डिसेंबर २०१७ मध्ये निम्म्याहून अधिक मतांच्या अटीचे विधेयक संसदेत आले, तेही फेटाळले गेले.

व्हाइटनरने निवडणूक कशी बुडवली?

मे २०१९ च्या निवडणुकीत मुथारिका यांना ३८.६, चकवेरा यांना ३५.४ आणि सॉलोस चिलिमा यांना २०.२ टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले. पहिल्या दोघांतले अंतर सुमारे १ लाख ५९ हजार मतांचे. पण निकालपत्रकांवर व्हाइटनर लावून आकडे खोडल्याचे समोर आले आणि अनेक महिने लोक रस्त्यावर उतरत राहिले. ३ फेब्रुवारी २०२० रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने निवडणूक रद्द केली. हे न्यायाधीश लष्कराच्या बंदोबस्तात न्यायालयात आले होते, यावरून तणावाची कल्पना यावी. केनियातील २०१७ च्या निकालानंतर आफ्रिकेत न्यायालयाने अध्यक्षीय निवडणूक रद्द करण्याची ही दुसरीच वेळ.

त्या निकालपत्रातील दुसरा निर्णय अधिक दूरगामी ठरला. ‘बहुसंख्य’ म्हणजे निम्म्याहून अधिक मते, असा अर्थ न्यायालयाने लावला. संसदेने नाकारलेली सुधारणा अशी न्यायालयामार्गे आली. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर फेरनिवडणुकीच्या तोंडावर सरकारने सरन्यायाधीशांना सक्तीच्या रजेवर पाठवण्याचा प्रयत्न केला. तो वकील आणि न्यायाधीशांनी हाणून पाडला.

नियमाचा परिणाम काय झाला?

आघाड्या अपरिहार्य झाल्या. २०१९ मध्ये वेगवेगळे लढलेले चकवेरा आणि चिलिमा २०२० मध्ये नऊ पक्षांच्या ‘टोन्से’ आघाडीतून एकत्र आले आणि चकवेरा सुमारे ५९ टक्के मतांनी जिंकले. २०२५ मध्ये १७ उमेदवार असूनही पहिल्याच फेरीत निकाल लागला. हा योग महत्त्वाचा, कारण दोन फेऱ्यांमधला काळ घातक ठरू शकतो. झिम्बाब्वेत २००८ मध्ये पहिल्या फेरीत पुढे असलेल्या मॉर्गन त्सवांगिराई यांनी समर्थकांवरील हिंसाचारामुळे दुसऱ्या फेरीतून माघार घेतली आणि रॉबर्ट मुगाबे एकटेच रिंगणात उरले. मलावीची अशी परीक्षा अजून झालेली नाही.

मग तणाव का टिकून आहे?

किती मतांनी जिंकायचे, हे ठरले. मते मोजणाऱ्यावर विश्वास ठेवायचा का, हा प्रश्न कायम राहिला. २०२५ च्या निवडणुकीआधी विरोधकांनी स्मार्टमॅटिक कंपनीच्या यंत्रणेचे स्वतंत्र परीक्षण मागितले, आयोगाच्या अध्यक्षांचा राजीनामाही मागितला. जूनमध्ये राजधानी लिलाँग्वेत निदर्शकांवर शस्त्रधारी टोळक्याने हल्ला केला. अखेरीस चकवेरा यांनी अधिकृत घोषणेपूर्वीच पराभव मान्य केला, हे त्यांच्या श्रेयाचेच. इंधनटंचाई आणि महागाईने त्यांचे पाठबळ आधीच पोखरले होते.

आणि आयोग? २०१९ ची वादग्रस्त निवडणूक ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाली, त्या न्यायाधीश जेन अन्साह यांनी आंदोलनानंतर पद सोडले होते. आज त्या मुथारिकांच्या उपाध्यक्ष आहेत. यात बेकायदा काही नाही. पण पंच म्हणून शिट्टी वाजवणारा पुढच्या सामन्यात एका संघाकडून उतरला, तर प्रेक्षकांनी काय समजायचे?

आघाडीच्या शब्दाला कायद्यात स्थान आहे का?

नाही, आणि सुधारणेतील हीच पोकळी. चकवेरा यांनी एकच मुदत अध्यक्ष राहायचे आणि मग आपण उभे राहायचे असे ठरले होते, असा दावा चिलिमा यांनी २०२२ मध्ये जाहीरपणे केला. त्या कराराची ना नोंदणी झाली होती, ना तो बंधनकारक होता. जून २०२४ मध्ये विमान अपघातात चिलिमा यांचा मृत्यू झाला आणि काही आठवड्यांतच त्यांचा पक्ष आघाडीतून बाहेर पडला. ज्या बेरजेवर चकवेरा यांनी निम्म्याची रेषा ओलांडली होती, ती बेरीज २०२५ मध्ये त्यांच्याकडे नव्हती.