तिच्या तिकिटाचे पैसे



या अंकाचे संपादकीय खरे तर पोटगीच्या रखडलेल्या दाव्यांवर लिहायचे ठरले होते. पण मागच्या बैठकीत एक गोष्ट घडली आणि ती काही केल्या मनातून जाईना. बैठक संपत आली होती, चहाचे कप गोळा होत होते. तेवढ्यात आमची एक कार्यकर्ती म्हणाली, "ताई, मी मार्चपर्यंतच आहे. नंतर इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण घेणार आणि व्हिएतनामला शिकवायला जाणार. पैसे साठवलेत मी."

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग एकीने विचारले, "म्हणजे काम सोडणार?" दुसरी म्हणाली, "मग इथल्या बायकांकडे कोण बघणार?" वयाने मोठी असलेली एक जण म्हणाली, "इतकी वर्षं आम्ही नाही कुठे गेलो." मी समन्वयक, एम.एस.डब्ल्यू. झालेली, समुपदेशनाचे धडे देणारी. मी काय म्हणावे? मी म्हणाले, "एवढे पैसे कुठून आणलेस गं?"

घरी पोहोचल्यावर लक्षात आले की हेच प्रश्न तिला घरीही विचारले गेले असणार. काम सोडणार का, आमच्याकडे कोण बघणार, आम्ही कधी गेलो का, आणि पैसे कुठून आणलेस. सासर-माहेरच्या तोंडचे हे शब्द आपण रोज केस-पेपरवर लिहून घेतो. त्या दिवशी ते आपल्याच सतरंजीवर बसून आपणच बोललो.

पैसे कुठून आले ते तिने दुसऱ्या दिवशी पासबुक दाखवून सांगितले. २०२० साली तिने पोस्टात आवर्ती ठेव उघडली. महिन्याला दोन हजार, साठ महिने. मुदत संपली तेव्हा व्याजासह जवळपास एक लाख चाळीस हजार हातात आले. तिचे मानधन चौदा हजार. त्यातून खोलीचे भाडे, गावी आईला पाठवायचे पैसे आणि हे दोन हजार. मधल्या काळात भावाला गाडीसाठी भरणा करायचा होता, तेव्हा घरच्यांनी ठेव मोडायला सांगितली. तिने नाही म्हटले. त्यानंतर सहा महिने भाऊ तिच्याशी बोलला नाही.

चौदा हजार हा आकडा मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तो आम्हीच तिला देतो. त्याला पगार न म्हणता मानधन म्हणतो. प्रकल्प असतो तोवर ते मिळते, प्रकल्प संपला की दोन-तीन महिने कोरडे जातात. वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या संस्थेला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सक्तीने लागू होत नाही, म्हणून आपल्यासारख्या बहुतेक छोट्या संस्थांत तोही नाही. घरकाम करणाऱ्या बायकांच्या किमान वेतनासाठी आपण मोर्चे काढतो, पण आपल्याच कार्यकर्तीच्या म्हातारपणाचा हिशेब कधी मांडत नाही. तेव्हा ती का चालली असे विचारण्याआधी, ती इतकी वर्षे राहिली कशी हे आपण विचारायला हवे होते.

यावरून मला १८८२-८३ सालच्या पंडिता रमाबाई आठवल्या. रमाबाई म्हटले की आपल्याला शारदा सदन आठवते, मुक्ती मिशन आठवते. त्यांचे तिकीट आठवत नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा वारला, कडेवर मनोरमा, जेमतेम वर्षाची. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि त्याच वर्षी मराठीत 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. त्या पुस्तकाच्या पैशांतून इंग्लंडच्या प्रवासाची सोय झाली. राजाचे दान नव्हते की सासऱ्याची मेहेरबानी नव्हती. वाँटेज इथल्या मठातल्या भगिनींना मराठी शिकवायची आणि त्यांच्याकडून इंग्रजी शिकायची, असा उभयपक्षी व्यवहार होता.

गेल्या होत्या वैद्यकी शिकायला. ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमले नाही. मग त्या शिक्षिकेच्या पेशाकडे वळल्या. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात, मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्या हाताखाली, स्वतः शिकत असतानाच त्या संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी इंग्रज तरुणांनाही शिकवावे असा विचार निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. का, तर पुरुषांना शिकवणाऱ्या बाईची मायदेशात पत राहणार नाही. बाईने कोणाला शिकवावे हे ठरवायला इथले शास्त्री होते, तिथे बिशप निघाले. रमाबाईंनी त्यांनाही पत्रांतून सुनावले.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या. तिथे १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्याच्या हजारो प्रती खपल्या. बोस्टनला त्यांच्या नावाने मंडळ उभे राहिले, त्याने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले.

यातून 'गेल्या, पण परत आल्या, म्हणून त्यांचे जाणे योग्य' असा धडा काढणे सोपे आहे. मला तो काढायचा नाही. आनंदीबाई डॉक्टर होऊन परतल्या आणि काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसाव्या वर्षाच्या आत गेल्या. त्यांना इथे दवाखाना चालवायला मिळाला नाही म्हणून त्यांचे शिकणे फुकट गेले का? आमची मैत्रीण परत येईल की नाही, ते ती ठरवेल. बाईचे शिकणे आणि फिरणे समाजाला उपयोगी पडले तरच माफ, ही अट आपण मुलग्यांना कधीच घालत नाही.

आता इंग्रजीबद्दल. ही भाषा आपल्याकडे सरळ वाटेने आलेली नाही. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या 'काव्यफुले' मध्येच शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावे असे लिहिले. १९५० साली बाबासाहेबांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले, तेव्हा मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पहिल्यांदा कॉलेजचे पुस्तक आले. तरी आमच्या पिढीतल्या मराठी शाळेतल्या मुलींची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली. पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. आज औरंगपुऱ्यात, टीव्ही सेंटरला गल्लोगल्ली इंग्रजी संभाषणाच्या वर्गांचे फलक आहेत. पाचवीत ए बी सी डी गिरवलेली मुलगी ही भाषा परक्या देशात शिकवायला निघते, यात मला तरी अभिमान वाटतो.

पण डोळे मिटून अभिमान नको. हा बाजारही जात आणि रंग बघणारा आहे. दक्षिण कोरियाचा सरकारी शाळांतला कार्यक्रम मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. चीनमध्येही साधारण तोच नियम. व्हिएतनाममध्ये पदवी आणि शिकवण्याचे प्रमाणपत्र असेल तर कामाचा परवाना मिळू शकतो, मात्र गोऱ्या शिक्षकापेक्षा भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षिकेला कमी पगार देऊ करणारे असतातच. भूतान, मालदीव आणि आखातातल्या भारतीय शाळांत आपले शिक्षक वर्षानुवर्षे जात आले आहेत. तिथे बी.एड. लागते, आणि तो अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आहे.

दलालांचे वेगळेच. आमच्या मैत्रिणीला एकाने सांगितले, "आधी टुरिस्ट व्हिसावर जा, परवाना तिथे गेल्यावर काढू." तिने विचारायला आमच्याकडे येण्याऐवजी स्वतःच कायदा शोधून वाचला, कारण आमच्याकडे आली असती तर आम्ही तिला जाऊच नको म्हटले असते. ही आमची हार आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरी लावून देणाऱ्याने केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. सेवाशुल्क तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पावती द्यावी लागते. नोंदणी आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसते. पर्यटक व्हिसावर काम करणे म्हणजे पहिल्या दिवसापासून मालकाच्या मुठीत जाणे. थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली म्यानमारमध्ये नेऊन तरुणांना डांबल्याचे प्रकार उघडकीला आले, तेव्हा २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर सूचना काढावी लागली होती.

पासपोर्टचेही सांगायला हवे, कारण 'नवऱ्याची सही लागते' असे आपल्या बायका अजून समजतात. डिसेंबर २०१६ च्या बदलांनंतर लग्नाचा दाखला सक्तीचा राहिलेला नाही, आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरते, आणि विभक्त किंवा घटस्फोटित बाईला नवऱ्याचे नाव लिहावे लागत नाही. शिबिरात रेशनकार्डाच्या जोडीला आपण ही माहिती का देत नाही?

उरला प्रश्न पैशांचा, आणि सगळ्या गोष्टीचे मूळ तिथेच आहे. मराठवाड्यात बचत गट गावोगाव पोहोचले. बाई पैसे साठवते हे आता कोणी नाकारत नाही. पण कर्ज कशासाठी उचलले गेले ते गटाच्या वहीत बघा. म्हैस, शेळी, शिलाई मशीन, मुलाची फी, दवाखाना, मुलीचे लग्न. मुलीच्या लग्नाला गट कर्ज देतो. मुलीच्या परीक्षेला, पासपोर्टला, प्रशिक्षणाला दिल्याची नोंद मी पाहिलेल्या वह्यांत तरी मला आढळलेली नाही. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटेकरी आहे, २००५ पासून देशभर आहे. तरी हिस्सा मागणारी 'भावाच्या मुळावर उठलेली', आणि सही करून सोडून देणारी गुणाची. हुंड्यासाठी जमीन विकतात, तिच्या विमानाच्या तिकिटासाठी कोणी एक गुंठाही काढत नाही. म्हणून तिला दोन-दोन हजारांनी पाच वर्षे चोरटेपणाने साठवावे लागते.

आमच्या गटाने काही गोष्टी ठरवल्या आहेत. आमच्याशी जोडलेल्या बचत गटांपुढे, मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी आणि नोकरीच्या तयारीसाठी वेगळे कर्ज ठेवण्याचा प्रस्ताव मांडायचा. दर शिबिरात पासपोर्ट आणि दलालांच्या नोंदणीची माहिती द्यायची. पुढच्या प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात कार्यकर्तीच्या निवृत्तीसाठी रक्कम धरायची, कोणी कात्री लावली तर भांडायचे. आणि सोडून जाणाऱ्या मैत्रिणीला निरोप समारंभ द्यायचा, जाब विचारायचा नाही.

मी त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाबद्दल तिची माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली, "ताई, तुमची आरडी किती वर्षांची आहे?" माझी आवर्ती ठेव नाही. छत्तिसाव्या वर्षी, तेरा वर्षे बायकांना बँकेत खाते उघडून दिल्यावर, माझ्या स्वतःच्या नावावर सांगण्याजोगे काही नाही. मला कुठे जायचे नाही, मी इथेच राहणार आहे. पण जाता येत नाही म्हणून राहणे वेगळे आणि ठरवून राहणे वेगळे. सोमवारी पोस्टात जाऊन मी खाते उघडले.

तुमच्या गटात काय चालते ते कळवा. वह्या उघडून बघा, कर्ज कशाकशाला दिले ते लिहा. पुढच्या अंकात तुमची पत्रे छापू.