पडद्यावरचे डोंगर

संगणकावरच्या खेळात स्वतःचा नकाशा रचणारी हौशी मंडळी डोंगर कसे उभारतात? आधी एक कृष्णधवल चित्र तयार करतात. त्यात काळा रंग म्हणजे सर्वांत सखल जागा, पांढरा म्हणजे शिखर आणि करड्या छटा म्हणजे मधला चढउतार. खरी गोम आहे ती छटांच्या संख्येत. ‘सिटीज : स्कायलाइन्स’ (२०१५) या शहर वसवण्याच्या खेळात जमीन १,०२४ मीटरपर्यंत उंच करता येते. छटा २५६च असल्या, तर प्रत्येक छटेला चार मीटरची उडी पडते. उताराच्या पायऱ्या होतात. छटा ६५,५३६ घेतल्या, की तीच उडी जेमतेम दीड सेंटिमीटरची उरते. दुरून डोंगर साजरे, हे इथे चालत नाही. त्याच उतारावर पुढे रस्ते आणि घरे बांधायची असतात!