बाईंचे मत आणि वर्गाचा तास

जानेवारी २००३. इराकवर चढाई करायची की नाही, यावर अमेरिकेत वाद पेटला होता. इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत चालू घडामोडींच्या तासाला एका मुलाने बाईंना विचारले, तुम्ही निदर्शनांत भाग घेता का? ‘शांततेसाठी हॉर्न वाजवा’ असा फलक दिसला तेव्हा आपण गाडीचा हॉर्न वाजवला, असे बाईंनी सांगितले. युद्धाआधी शांततेचे मार्ग शोधायला हवेत, असेही म्हणाल्या. पालकांनी तक्रार केली आणि पुढच्या वर्षासाठी बाईंचा करार वाढवला गेला नाही. त्या उत्तराचा या निर्णयात वाटा होता असे गृहीत धरूनही २००७ मध्ये अपील न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला.

न्यायालयाचे म्हणणे असे की, वर्गातले बोलणे हेच शिक्षकाचे काम आणि त्याचाच त्याला पगार मिळतो. म्हणून तिथे काय बोलायचे हे शाळा ठरवू शकते. या युक्तिवादात तथ्य आहे. शाळेत येणे मुलांना सक्तीचे असते, बाईंचे मत पटले नाही म्हणून त्यांना उठून जाता येत नाही. वर्गाबाहेरची गोष्ट वेगळी. शाळा मंडळाच्या आर्थिक कारभारावर वृत्तपत्रात टीकेचे पत्र लिहिणाऱ्या इलिनॉयमधल्या शिक्षकाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच चुकीची ठरवली होती.

तरीही २००७ चा निकाल आम्हाला अपुरा वाटतो. अधिकार कोणाचा, एवढेच त्याने सांगितले. तो कसा वापरावा, हे सांगितले नाही. मुलाच्या प्रश्नाला दोन वाक्यांत प्रामाणिक उत्तर देणे आणि तासभर प्रचार करणे यांत फरक आहे. तो केला नाही, तर शिक्षक वादाचा विषयच टाळू लागतील आणि मुले तो फक्त घरी व टीव्हीवर, एकाच बाजूने ऐकतील.

जर्मनीत १९७६ च्या बॉइटेल्सबाख परिषदेतून निघालेली तत्त्वे इथे अधिक उपयोगी आहेत. शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यांवर लादू नये. समाजात आणि अभ्यासकांत जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. स्वतःच्या हिताचा विचार करून राजकीय परिस्थिती तपासायला विद्यार्थ्याने शिकावे. यात शिक्षकाला तोंड बंद ठेवायला सांगितलेले नाही. तक्रार आली की मुख्याध्यापकांनी हेच तपासावे: दुसरी बाजू वर्गात मांडली गेली का, वेगळे मत असलेल्या मुलाला बोलता आले का, आणि त्या मताचा त्याच्या गुणांवर परिणाम झाला का?