आईचा तवा वेगळा

रविवारी सकाळी आमचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात असतं आणि बेत ठरलेला: फ्रेंच टोस्ट. आई अंडं खात नाही. तिचा तवा वेगळा, आणि अंड्याचा वास सुटला की ती गॅलरीत जाऊन बसते, मागाहून एकटीच पोहे खाते. मला त्याची सवय झाली होती. मागच्या महिन्यात लेकीनं विचारलं, "आजीला शिक्षा झालीय का?"

आधी नेहमीचा प्रकार सांगतो. ब्रेड कालचा हवा. ताजा दुधात विरघळतो. फ्रेंच लोक याला 'पॅं पेर्द्यू' म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव, ते उगाच नाही. चार जाड स्लाइसना दोन अंडी, अर्धा कप दूध, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, किंचित जायफळ. अंडं नीट फेटा, नाहीतर टोस्टवर पांढरे डाग दिसतात. आच मंदच ठेवा. मोठ्या आचेवर वरून काळा, आतून गिचका. टेस्टिंग न करता कोड लाइव्ह केल्यासारखं. (अनुभव आहे. दोन्हींचा.)

आता आईचा टोस्ट. अंड्याचं काम काय, तर तापल्यावर घट्ट होऊन दूध ब्रेडमध्ये धरून ठेवणं. ते कॉर्नफ्लोअरही करतं, आणि कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः रंग-वास घातलेलं कॉर्नफ्लोअरच. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं बिनअंड्याचं कस्टर्ड बनवलं ते बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. मला हे कळायला पस्तिशी गाठावी लागली!

अर्धा कप गार दुधात दीड मोठा चमचा पावडर, साखर, वेलची. पावडर तळाशी बसते, म्हणून प्रत्येक स्लाइस बुडवण्याआधी ढवळा. स्लाइस जास्त वेळ भिजवू नका, पटकन उलटा आणि उचला. आईच्याच तव्यावर, साजूक तुपात, दोन्ही बाजू सोनेरी होईपर्यंत. हे टोस्ट आधी करायचे. अंड्याचा तवा नंतर चढवायचा.

आईनं एक तुकडा मोडला. "हे तर डबल का मीठाचं गरीब भावंड," म्हणाली. हैदराबादेत जन्म गेलेल्या बाईकडून आणखी काय ऐकणार! पण दुसरा स्लाइस तिनं मागून घेतला, टेबलावर, लेकीच्या शेजारी बसून. साखर जास्त झालीय, हेही सांगितलं.

येत्या रविवारी कमी घालणार आहे.