खंडाच्या वह्या कोणाच्या?

जमीनदाराच्या दप्तरात जमीनदाराचाच इतिहास असतो, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गात दृढ झालेला आहे. गंमत अशी की, परस्परांचे कट्टर विरोधक असलेले दोन पक्ष या एका मुद्द्यावर एकमताने बोलतात. घराण्याच्या अभिमानाने भारलेले लोक म्हणतात, ‘हे आमचे खासगी कागद आहेत, बाहेरच्यांनी त्यांत नाक खुपसण्याचे कारण नाही.’ जमीनदारीविषयी संताप बाळगणारे म्हणतात, ‘शोषकांच्या हिशेबवह्या जपून ठेवायच्या कशाला?’ पहिला पक्ष दप्तराला कुलूप लावतो, दुसरा ते रद्दीत घालावयास निघतो. परिणाम एकच होतो. ज्यांच्या घामावर ती वही भरली, त्यांची नावे कायमची पुसली जातात. आम्हांस या दोन्ही पक्षांचा निषेध करावयाचा आहे, आणि त्यासाठी आयर्लंडमधील एका जमीनदारीचे उदाहरण वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यात स्ट्रोक्सटाउन नावाचे गाव आहे. तेथील महॉन घराण्याची जमीनदारी सुमारे अकरा हजार एकरांची होती. १९७९ मध्ये त्या घराण्याचा वाडा जिम कॅलरी नावाच्या एका स्थानिक व्यावसायिकाने विकत घेतला. त्यांना वस्तुतः आपल्या मोटारींच्या व्यवसायासाठी जागा हवी होती. पण वाड्यात कागदांचा प्रचंड साठा निघाला. खंडाच्या वह्या, भाडेपट्टे, नकाशे, कारभाऱ्यांची पत्रे, कुळांचे अर्ज, बेदखलीच्या नोटिसा असे पन्नास हजारांहून अधिक कागद. त्यांत १८४६ साली क्लूनाही येथील कुळांनी धाडलेला एक अर्ज होता. बटाट्याचे पीक सडल्याने मुलाबाळांवर उपासमार ओढवली असून आम्हांस काम वा अन्न मिळावे, अशी विनवणी त्यात होती. कॅलरींनी तो कागद वाचला आणि वाडा पाडून टाकण्याऐवजी तेथे १९९४ मध्ये राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय उभे राहिले. ज्यांच्या हाती कागद पडला ते ना इतिहासाचे प्राध्यापक होते, ना महॉनांचे वंशज. त्यांनी केवळ कागद वाचला, एवढेच.

आता या वह्यांत असते काय, ते पाहू. आयरिश जमीनदारीची खंडवही म्हणजे रकान्यांचे पुस्तक. पहिल्या रकान्यात टाउनलँडचे, म्हणजे आपल्याकडील वाडी वा मौजासारख्या लहान भूभागाचे नाव; मग कुळाचे नाव; कब्जाचा प्रकार; सहामाही खंड; जमा झालेली रक्कम; आणि शेवटी थकबाकी. कब्जाच्या प्रकारांतच सारी समाजरचना दिसते. सुस्थितीतील कुळाकडे ‘तीन आयुष्यांचा’ पट्टा असे, म्हणजे पट्ट्यात नमूद केलेल्या तीन व्यक्तींपैकी शेवटची मरेपर्यंत तो टिके. बहुसंख्यांकडे वर्षावर्षाचा किंवा मालकाच्या मर्जीवरचा कब्जा असे. त्यांच्याही खाली पोटकुळे आणि मजुरीच्या मोबदल्यात झोपडी व बटाट्याचा तुकडा मिळवणारे लोक. यांपैकी अनेकांचे नाव वहीत कोठेही येत नाही. बाई कर्ती असेल तर पुष्कळदा ‘अमक्याची विधवा’ म्हणून येते.

जमीनदारांचे कैवारी या वह्यांतील थकबाकीच्या रकान्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, ‘पाहा, कुळे मुळातच बुडवी होती.’ हा युक्तिवाद आम्ही इथल्याही बैठकांत ऐकला आहे. पण ज्याला त्या व्यवहाराची रीत ठाऊक आहे, तो असे बोलणार नाही. आयर्लंडमध्ये अनेक जमीनदाऱ्यांत एका सहामाहीचा खंड कायम मागे ठेवण्याची प्रथा होती. तिला ‘लटकता खंड’ म्हणत. नवीन कुळाला पहिला हप्ता सहा महिने उशिरा भरण्याची सवलत मिळे. ती दिसे दयाबुद्धीची. परंतु तिच्यामुळे कूळ पहिल्या दिवसापासून कागदोपत्री कर्जबाजारी ठरे, आणि मालकाच्या मनात येईल त्या दिवशी त्याच बाकीपोटी त्याला हुसकता येई. म्हणजे थकबाकीचा रकाना कुळाच्या आळसाचा पुरावा नव्हे, तो मालकाच्या हातातील दोरीचा पुरावा आहे. वही खोटे बोलत नाही. वहीचे मथळे खोटे बोलतात. ते ओळखण्यासाठी वही वाचावी लागते, आणि वाचण्यासाठी ती शिल्लक राहावी लागते.

दुष्काळाच्या वर्षांत ‘व्यवस्थापन’ या सभ्य शब्दाचा अर्थ काय झाला, हेही स्ट्रोक्सटाउनच्या कागदांतून कळते. १८४५ मध्ये मेजर डेनिस महॉन यांच्याकडे ही कर्जात बुडालेली जमीनदारी आली. १८४३ च्या कायद्याने चार पौंड वा त्याहून कमी आकारणीच्या जमिनींवरील गरीब-कर कुळाऐवजी जमीनदाराने भरावयाचा होता. म्हणजे लहान कूळ जितके अधिक, तितका मालकाला भुर्दंड अधिक. १८४७ मध्ये आणखी एक कलम आले. पाव एकराहून, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांहून अधिक जमीन धरून असलेल्यास सरकारी मदत मिळणार नव्हती. पोट भरायचे तर जमीन सोडा, असाच त्याचा अर्थ. या चौकटीत महॉनांचे कारभारी जॉन रॉस महॉन यांनी हिशेब मांडला की, कुळांना वर्कहाउसमध्ये पोसण्यापेक्षा जहाजाचे भाडे देऊन कॅनडास धाडणे स्वस्त पडेल. मे १८४७ मध्ये १,४९० माणसे स्ट्रोक्सटाउनहून डब्लिनपर्यंत सुमारे १६५ किलोमीटर चालत गेली. ती खरोखर जहाजावर चढतात की नाही हे पाहण्यास जमीनदारीचा माणूस बरोबर होता. लिव्हरपूलहून ती क्यूबेककडे निघाली. त्यांतील ‘व्हर्जिनियस’ या जहाजावर ४७६ प्रवासी होते. ग्रोस ईल येथील विलगीकरण बेटावर ते पोचले तेव्हा, खलाशी धरून, १५८ माणसे वाटेतच मेली होती आणि १०६ तापाने आजारी होती.

त्याच वर्षी २ नोव्हेंबरला मेजर महॉन यांचा गोळी घालून खून झाला. ब्रिटिश संसदेत व वृत्तपत्रांत त्याचा मोठा गवगवा झाला. एका सभ्य गृहस्थाचा कृतघ्न कुळांनी घेतलेला बळी, असा सूर निघाला. तेव्हा एल्फिनचे बिशप जॉर्ज ब्राउन यांनी १८४८ मध्ये एक यादी प्रसिद्ध केली. या जमीनदारीतून बेदखल झालेल्या ६०५ कुटुंबांतील ३,००६ माणसांची ती यादी होती. खुनाचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु यादीला उत्तर यादीनेच द्यावे लागते, हे त्या धर्मगुरूला उमगले होते. एका बाजूस कारभाऱ्याची वही, दुसऱ्या बाजूस बेदखलांची यादी. दोन्ही समोर ठेवल्या म्हणजेच न्यायाची बुद्धी स्थिर होते. यांपैकी एक जरी नष्ट झाली असती, तरी दुसरीला अफवा ठरविणे सोपे गेले असते.

आता कागद जाळू पाहणाऱ्यांकडे वळू. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या आरंभी, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात व आगीत भस्मसात झाले. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक सर्व तक्ते त्यात गेले. १८६१ व १८७१ चे तक्ते सरकारने आधीच नष्ट करविले होते. १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. याच अशांत वर्षांत अडीचशेहून अधिक जमीनदारी वाडे जाळले गेले. ते जाळणाऱ्यांचा संताप आम्ही समजू शकतो. पण त्याचे फळ काय? आज एखाद्या आयरिश शेतमजुराच्या वंशजाला आपला खापरपणजा दुष्काळापूर्वी कोठे राहत होता हे शोधावयाचे असेल, तर त्याला पुष्कळदा ज्या मालकाने त्याला हुसकले त्याच्याच वहीकडे जावे लागते. जी वही वाड्याबरोबर जळाली, तिच्यातील मालकाचे नाव इतरत्र शंभर ठिकाणी सापडते. कुळाचे नाव तेवढे जळाले.

कुलपे केवळ जमीनदारच लावतात असेही नाही. १८८१ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश भूमी आयोगाने पुढे जमीनदाऱ्या विकत घेऊन कुळांना मालक केले. १९०३ च्या विंडहॅम कायद्याने तर विकणाऱ्या जमीनदाराला किमतीवर बारा टक्के बक्षीसही मिळे. हा आयोग १९९९ मध्ये विसर्जित झाला. त्याच्या लक्षावधी कागदांचा साठा त्यानंतरही बरीच वर्षे सामान्य अभ्यासकाला बंद राहिला. कुळांच्या लढ्यातून जन्मलेल्या राज्यानेही तोच मार्ग पत्करावा, यावरून कागदाचे भय किती खोल असते ते दिसते.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे कोणी म्हणू नये. ज्या डफरिन यांच्या कारकिर्दीत, १८८६ मध्ये, ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांस परत मिळाला, आणि ज्यांच्या पत्नीच्या नावाचे दवाखाने आपल्या अनेक शहरांत निघाले, ते व्हाइसरॉय स्वतः आयरिश जमीनदार होते. त्यांनी १८६७ मध्ये आयर्लंडमधील कूळपद्धतीवर जमीनदारांची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला होता. त्यांच्यानंतर आलेले लॅन्सडाउन यांच्या लगाकरन येथील जमिनीवरून १८८७ मध्ये कुळांची बेदखली गाजत होती. पुढच्याच वर्षी ते व्हाइसरॉय होऊन हिंदुस्थानात आले. आणि ज्या बहिष्काराला टिळकांनी चतुःसूत्रीत स्थान दिले, त्याचा इंग्रजी प्रतिशब्दच मुळी १८८० साली कॅप्टन बॉयकॉट या एका आयरिश जमीनदारीच्या कारभाऱ्यावरून पडलेला आहे.

म्हणून हा प्रश्न आमच्याही दाराशी आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांपैकी अनेकांच्या माळ्यावर इनाम, जहागिरी वा वतनाचे मोडी रुमाल आहेत. ते वाचणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. त्यांविषयी दोन सबबी नेहमी पुढे येतात. एक, ‘कूळकायद्याने आमच्या जमिनी गेल्या, आता वर बदनामीही ओढवून घ्यायची का?’ या दुःखाची आम्ही थट्टा करणार नाही. ज्यांच्या घरी एका पिढीत चूल मंदावली, त्यांचे दुःख खरेच होते. पण त्या दुःखाचा पुरावादेखील त्याच रुमालांत आहे. जे आपली बाजू सांगणारे कागद राखू इच्छितात आणि आपल्याविरुद्ध बोलणारे निवडून काढतात, त्यांच्या उरलेल्या कागदांवर मग कोणी विश्वास का ठेवावा? दुसरी सबब, ‘यात सनदा नाहीत, नुसते हिशेब आहेत.’ सनद राजाने दिली, तिची नक्कल कोठे ना कोठे सापडेल. हिशेबाची नक्कल कोठेच नसते. ज्या ओळीत अमक्याने इतके मण धान्य घातले व तमक्याकडे इतके बाकी राहिले असे लिहिले आहे, ती ओळच त्या माणसाचे एकमेव स्मारक असू शकते.

आमची मागणी स्पष्ट आहे. कोणताही रुमाल निवडानिवड करून फोडू नये. त्याची यादी करताना सनदांप्रमाणेच कुळांची नावेही नोंदवावीत. मूळ कागद वा त्यांच्या प्रती सार्वजनिक अभिलेखागारात वा ग्रंथालयात ठेवाव्यात. आणि त्या पाहण्याचा अधिकार इनामदाराच्या नातवाला जितका, तितकाच कुळाच्या नातवाला असावा. वही मालकाच्या पैशाने बांधली गेली असेल, पण तिची पाने कुळांच्या खंडाने भरली आहेत. तेव्हा ती एकट्याची मालमत्ता असल्याचा दावा कोणत्याही घराण्याने, आमच्यापैकीही कोणी, यापुढे करू नये.